फोटो वाईट असल्याचा दाखला

हेडक्लार्कांचा कॅमेरा कित्येक वर्षं सुखरूप होता, कारण त्याचा विमा उतरवलेला नव्हता. बेडरूमच्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, जाड रजयांच्या मागे त्याची काळी बॅग असायची. चोराला ती मिळवायची तर आधी स्टूल शोधावं लागलं असतं, मग रजया खाली काढाव्या लागल्या असत्या. आणि घरातल्या रजया खाली काढणाऱ्या माणसाला हेडक्लार्कांच्या बायकोने त्या झटकून, घडी घालून, परत वर ठेवायला लावल्याशिवाय सोडलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी बॅग खाली यायची आणि हेडक्लार्क दिसेल त्याचे फोटो काढायचे. पाणीपट्टीच्या कार्यालयात ते हेडक्लार्क असले तरी इमारतीत सगळे त्यांना 'फोटोवाले' म्हणायचे. पाणीपट्टी वसूल करणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात हे ठाऊक असल्यामुळे हे नाव त्यांना फार गोड वाटायचं.

विम्याचं खूळ आणलं मेहुण्याने. त्याने नुकतीच एजन्सी घेतली होती. त्याआधी तो पाण्याचे फिल्टर विकायचा, त्याच्याही आधी पाठदुखीच्या गाद्या, आणि प्रत्येक धंद्याची एकेक आठवण हेडक्लार्कांच्या घरात होती.

"भावोजी, कॅमेरा चोरीला गेला तर?"

"आजवर गेला नाही."

"तेच म्हणतोय मी. आजवर गेला नाही, म्हणजे आता कधीही जाऊ शकतो."

हेडक्लार्कांना यावर उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की ते सही करायचे. मात्र वाचल्याशिवाय नाही. विम्याचे कागद त्यांनी चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन, एखादा सुरस ग्रंथ वाचावा तसे वाचले. दोन कलमं त्यांना इतकी आवडली की त्यांच्याखाली त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली. पहिलं कलम असं, की साहित्य फक्त हौसेसाठी वापरायचं, धंद्यासाठी नाही. दुसरं असं, की साहित्य निगराणीविना सोडायचं नाही. बंद घरातून चोरीला गेलं तर कंपनी जबाबदार राहणार नाही.

हेडक्लार्क कार्यालयात आणि बायको बालवाडीत, त्यामुळे घर दिवसभर बंद. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून काळी बॅग हेडक्लार्कांच्या खांद्यावर आली.

"म्हणजे घरात चोरी होऊ नये म्हणून कॅमेरा घेऊन चोरांमध्ये हिंडायचं," बायको म्हणाली.

"नियम आहे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्याकडे हे दोन शब्द पूर्णविरामासारखे वापरले जायचे.

कार्यालयात ते बॅग मांडीवर घेऊन बसू लागले. पाणीपट्टी भरायला आलेल्या लोकांना वाटलं, साहेब राजीनामा देऊन निघालेत. एकदोघांनी आनंद लपवायचेही कष्ट घेतले नाहीत. न्हाव्याकडे ते बॅग चादरीखाली पोटाशी धरून बसले, तर न्हाव्याने हळूच विचारलं, जेवण जरा जड झालंय का. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, बॅगेवर ठळक नाव लिहा. दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, नाव मुळीच लिहू नका, चोराला कळेल कुणाची आहे ते. वॉचमन म्हणाला, बॅग जुन्या कापडी पिशवीत घाला, कुणी ढुंकून बघणार नाही. हा सल्ला हेडक्लार्कांना पटला. चोराने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही हे खरं, पण भाजीवाल्याने ती भाजीची समजून वरून दोन किलो कांदे ओतले.

या काळात त्यांनी एकही फोटो काढला नाही. फोटो काढायचा तर कॅमेरा बॅगेतून बाहेर काढावा लागतो, आणि बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याची निगराणी करणं जास्त अवघड असतं.

आणि मग त्यांची दाढ दुखायला लागली.

दाताचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत एक बाक, पाण्याचं पिंप आणि दात किडल्यावर काय होतं ते दाखवणारे तक्ते. आतल्या खोलीला काचेचं दार, तेही मधली हातभर पट्टी सोडून धुरकट केलेलं. डॉक्टरांनी बॅग आत आणू दिली नाही. आतली हवा निर्जंतुक आहे, म्हणाले. हेडक्लार्कांनी बरीच घासाघीस केली. शेवटी असं ठरलं की बाक थोडा सरकवायचा, खुर्ची थोडी फिरवायची, म्हणजे पडल्यापडल्या पट्टीतून बॅग नजरेसमोर राहील. कलमात 'निगराणी' म्हटलं होतं, 'हातात धरणे' नव्हतं. आपण कलम काटेकोर पाळलं या समाधानात त्यांनी तोंड उघडलं.

जबडा बधिर झाला, यंत्र सुरू झालं, आणि पट्टीतून त्यांना दिसलं की एक माणूस आला. इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट, चेहरा सभ्य. तो बाकावर बसला. त्याने जुनं मासिक चाळलं, किडलेल्या दातांचा तक्ता लक्ष देऊन वाचला, जणू पटलं अशी मान हलवली, काळी बॅग खांद्याला लावली आणि दिवसभराचं काम आटोपून घरी निघाल्यासारखा जिना उतरून गेला.

"आँ," हेडक्लार्क म्हणाले.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आँ, आँ."

"थोडंच राहिलंय. फार दुखलं तर डावा हात वर करा."

हेडक्लार्कांनी दोन्ही हात वर केले.

"एवढं नाही हो दुखत," डॉक्टर म्हणाले, आणि यंत्र पुन्हा आत गेलं.

ते सुटले तेव्हा माणूस दिसेनासा झाला होता. गळ्यात दवाखान्याचा निळा रुमाल, गालात कापूस, अर्धं तोंड बधिर अशा अवस्थेत ते रस्त्यावर धावले आणि भेटेल त्याला विचारू लागले, "काळी बॅग पाहिली का?" पण बधिर तोंडातून ते 'काई बाग' असं काहीतरी निघत होतं. एका वयस्क गृहस्थांनी त्यांचा दंड धरून मोठ्या मायेने सांगितलं, "बाग ना? सरळ जा, मग डावीकडे. पण आत्ता नका जाऊ, ऊन आहे. आधी घरच्यांना बोलावून घ्या."

पोलीस ठाण्यात हवालदारांनी फिर्याद लिहून घेतली.

"चोरी डोळ्यांदेखत झाली?"

"हो."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो."

"काय ओरडलात?"

"आँ."

हवालदारांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं, 'फिर्यादीने आँ अशी आरोळी दिली.' मग त्यांनी विचारलं की बॅगेचा विमा आहे का, आणि आहे म्हटल्यावर ते असे काही हसले, की हेडक्लार्कांना पुन्हा आँ म्हणावंसं वाटलं.

पण विमा होता, ही खरंच समाधानाची गोष्ट होती. हेडक्लार्कांनी पावती, फिर्यादीची प्रत, डॉक्टरांचं पत्र असे सगळे कागद टाचणी लावून, पान क्रमांक घालून कंपनीत दिले. आपल्या कार्यालयात असे कागद कुणी आणले असते तर आपण त्याला बसायला खुर्ची दिली असती, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा तपासनीस आला. किडकिडीत, अदबशीर माणूस. जिन्यावरही चपला न वाजवता चालणारा. त्याने फाटकाशी वॉचमनला हेडक्लार्कांचं नाव विचारलं. वॉचमनने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला.

"फोटोवाले होय? तिसरा मजला. आख्खी बिल्डिंग त्यांच्याकडूनच फोटो काढून घेते."

तपासनीसाने हे टिपून घेतलं. वर आल्यावर त्याने पाणी घेतलं, चहा घेतला, दाढ आता कशी आहे विचारलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "घड्याळ सुरेख आहे."

"सेक्रेटरींनी दिलं," बायको म्हणाली. "लिफ्टच्या उद्घाटनाचे फोटो काढले ना यांनी, म्हणून."

बायकोच्या आवाजात अभिमान होता. या आवाजात तो लग्नापासून फारसा ऐकू आला नव्हता, आणि माणूस अशाच वेळी वाहवत जातो. हेडक्लार्क म्हणाले, "एकदा ऑफिसातून पेनांचा संचही मिळाला होता. चीफ इंजिनिअरांच्या निरोपाचे फोटो काढले तेव्हा."

"वा," तपासनीस म्हणाला आणि तेही टिपलं.

पत्र आलं ते असं, की आपण परिसरात 'फोटोवाले' या व्यावसायिक नावाने परिचित असून, छायाचित्रणाचा मोबदला वस्तुरूपाने स्वीकारत असल्याचे आढळून आले आहे. सबब आपला दावा विचारात घेता येत नाही. हेडक्लार्कांनी पत्र दोनदा वाचलं. वाक्यरचनेत खोट काढायला जागा नव्हती. भाजीवाला भाजी विकतो, दूधवाला दूध विकतो. इतकी वर्षं ज्या नावाने अंगावर मूठभर मांस चढत होतं त्या नावाचा असाही अर्थ होतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी मेहुण्याला फोन केला.

"भावोजी, ती लाइन मी सोडली," मेहुणा म्हणाला. "आता मी पाय दाबायची मशिनं घेतलीत. तुमचे पाय कसे आहेत?"

मग हेडक्लार्क स्वतः कंपनीच्या शाखेत गेले. शाखेच्या मॅनेजरबाई मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. टेबलावर एकही कागद तिरका नव्हता. अशा टेबलासमोर हरलो तरी वाईट वाटू नये, असं हेडक्लार्कांना वाटून गेलं.

"तुम्ही धंदा करत नाही, हे सिद्ध करा," त्या म्हणाल्या.

"जे मी करतच नाही, ते सिद्ध कसं करणार?"

हे विचारता विचारताच त्यांना आठवलं की पाणीपट्टी विभागात ते स्वतः लोकांकडून घरात नळ नसल्याचा दाखला मागतात. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ज्यांचे फोटो काढलेत अशा पाच जणांचे जबाब आणा. नातेवाईक नकोत. एक, त्यांनी तुम्हाला पैसे दिलेले नाहीत. दोन, तुमचे फोटो पैसे द्यावेत अशा दर्जाचे नाहीत."

"दुसरा मुद्दा गरजेचा आहे का?"

"तोच गरजेचा आहे. पैसे दिले नाहीत असं काय, कुणीही म्हणेल."

हेडक्लार्कांनी घरी बसून जबाबाचा मसुदा केला. 'छायाचित्रे हौशी स्वरूपाची आहेत' यापुढे त्यांची लेखणी जाईना. तोच घेऊन ते सेक्रेटरींकडे गेले.

"हे फार मोघम झालं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना मसुद्याचा नाद होता. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही त्यांनी दोन पानी सूचना लावली होती. त्यांनी आतून लिफ्टच्या उद्घाटनाचा अल्बम आणला. "हे बघा. फीत आली. कात्री आली. कात्री धरलेला हात आला. मी कुठाय?"

"तुम्ही जरा उजवीकडे सरकला होतात."

"मी उजवीकडे सरकलो तर कॅमेरा का नाही सरकला? इतकी वर्षं बोललो नाही. म्हटलं, माणूस हौशी आहे." आणि ते भराभर लिहायला बसले. मध्येच मान वर करून म्हणाले, "ते घड्याळ आम्हालाही कुणीतरी दिलेलंच होतं. शिवाय ते मागे पडतं. तेही लिहू का? तुमच्याच फायद्याचं आहे."

"लिहा," हेडक्लार्क म्हणाले.

निवृत्त चीफ इंजिनिअरांनी निरोपसमारंभाचा फोटो दिवाणखान्यात नव्हे, तर फ्रिजच्या मागे ठेवला होता. त्यात चाळीसेक माणसं धुक्यात उभी होती आणि त्यांच्या मागचं पाण्याचं यंत्र लख्ख दिसत होतं. "त्या यंत्रावरचा अनुक्रमांकसुद्धा वाचता येतो," ते म्हणाले. "माझं तोंड वाचता येत नाही. नोकरीची सगळी वर्षं धुक्यात गेली हो." पेनांचा संच कार्यालयाच्या कपाटात शिल्लक पडला होता म्हणून दिला, असंही त्यांनी आनंदाने लिहून दिलं.

दाताच्या डॉक्टरांनी लिहिलं की यांनी माझ्या दवाखान्यासाठी हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो विनामूल्य काढून दिले; ते बाहेरच्या खोलीत लावल्यावर पेशंट परत जाऊ लागले, म्हणून त्या जागी किडलेल्या दातांचे तक्ते लावावे लागले. गाण्याच्या बाईंनी लिहिलं की माझ्या कार्यक्रमातल्या प्रत्येक फोटोत मी जांभई देताना दिसते, तरी आमचे संबंध चांगले आहेत.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. हेडक्लार्क जिना चढताना दारं उघडू लागली. "आमचा जबाब नको का?" लोक विचारायचे. सोसायटीची वर्गणी मागताना जी माणसं घरात नसायची, ती आता अल्बम काखेत मारून दारात उभी होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. उलट एका शेजाऱ्याला मदत करायची आणि मनातलंही बोलून टाकायचं, असा दुहेरी योग आयुष्यात कितीदा येतो?

बायकोने चारही जबाब वाचले. "मला सही करता आली असती तर पुरवणी जोडावी लागली असती," ती म्हणाली. मग तिने हेडक्लार्कांचा चेहरा पाहिला, आणि जबाब घडी करून पाकिटात ठेवले. तिने थट्टा अशी अर्ध्यात सोडणं हेडक्लार्कांना जास्त लागलं.

पाचव्या जबाबासाठी ते तळमजल्यावरच्या नानांकडे गेले ते मुद्दाम. नाना मितभाषी होते. बस डेपोत वेळा नोंदवण्याचं काम करता करता त्यांना कमी शब्दांची सवय लागली होती, आणि बायको गेल्यापासून तर तेवढेही वापरायची वेळ येत नसे. आता जखमेवर मीठ पडायचंच असेल तर ते एका ओळीचं असावं, एवढीच हेडक्लार्कांची इच्छा होती.

नानांनी दार उघडलं. चुरगळलेला सदरा, पडदे ओढलेले, रेडिओ बंद. त्यांनी मसुदा खिडकीपाशी नेऊन सावकाश वाचला. सेक्रेटरींच्या सल्ल्याने त्यात आता 'फोटो पैसे देण्याच्या दर्जाचे नाहीत' असंही होतं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"नाना, ते काय आहे, विम्यासाठी—"

"मी खोट्यावर सही करत नाही."

मग ते आतल्या खोलीत गेले. हेडक्लार्कही मागोमाग गेले. पलंगासमोरच्या भिंतीवर एकच फोटो होता, आणि तो हेडक्लार्कांनी काढलेला होता. लिफ्टच्या उद्घाटनाचाच. त्यांनी तो कधीच बाद केला होता. टाकून द्यायच्या गठ्ठ्यातून नानांनी मागून नेला तेव्हा त्यांना वाटलं होतं, फ्रेम रिकामी असेल घरात. फोटोत नानांची बायको अर्धी चौकटीबाहेर गेलेली होती. वळताना सगळी हललेली, एक हात वर, तोंड उघडं. लोक तिला मागे सरका म्हणत होते आणि ती त्यांनाच काहीतरी सुनावत मोठ्याने हसत होती.

"तिचे फोटो तसे खूप आहेत," नाना म्हणाले. "लग्नातला आहे, ओळखपत्राचा आहे, मुलीकडे काढलेले आहेत. कॅमेरा दिसला की तोंड मिटायची. दात पुढे आहेत म्हणायची. त्या सगळ्या फोटोंत कुणीतरी बाई बसलेली आहे." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "ही आमच्या घरातली. हलतेय बघा. थांबलेली पाहिलीत तुम्ही तिला कधी?"

हेडक्लार्कांनी पाहिली नव्हती. ते फोटोच्या जवळ गेले. बाद केला तेव्हा त्यांनी त्यात फक्त हललेला कॅमेरा पाहिला होता.

"पण नाना, जबाब तर लागेल."

"देतो की. खरं असेल ते देतो."

नाना टेबलाशी बसले आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या. 'यांनी काढलेल्या माझ्या पत्नीच्या फोटोबद्दल मी यांना काहीही दिलेले नाही. त्या फोटोचे पैसे होऊ शकत नाहीत.' खाली सही केली. मग म्हणाले, "फोटोची प्रत जोडा. पुराव्याशिवाय कोण मानेल?"

कोपऱ्यावरच्या दुकानात हेडक्लार्कांनी फोटोची झेरॉक्स काढली. मुळात हललेला फोटो, त्यात दुकानाच्या मशिनची शाई संपत आलेली. प्रतीत एक पंजा, थोडे दात आणि बाकी ढग एवढंच उतरलं.

शाखेत मॅनेजरबाईंनी जबाब एकेक करून वाचले. घड्याळापाशी त्यांनी मान डोलावली. पाण्याच्या यंत्रापाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. दातांच्या तक्त्यांपाशी त्या पाणी प्यायल्या. पाचवा जबाब वाचून मात्र त्या खुर्चीत नीट बसल्या.

"हा सगळ्यात चांगला. बाकीच्यांनी पानभर लिहिलंय, यांनी एका वाक्यात निकाल लावला. 'त्या फोटोचे पैसे होऊ शकत नाहीत.'" त्यांनी शिक्का उचलून शाईच्या पॅडवर दाबला.

आता गप्प राहायचं होतं, बस. पण हेडक्लार्क नोकरीला लागल्यापासून कागदाचा चुकीचा अर्थ लावलेला त्यांना कधी सहन झाला नव्हता. आणि कागद नानांचा होता.

"मॅडम, त्याचा अर्थ तसा नाही."

"मग कसा?"

"त्यांना म्हणायचंय, फोटो चांगला आहे. म्हणजे फार चांगला. इतका, की त्याचे पैसे..." त्यांनी झेरॉक्स पुढे सरकवली.

मॅनेजरबाईंनी शिक्का खाली ठेवला. झेरॉक्स उभी धरून पाहिली, मग आडवी करून पाहिली. "यात माणूस कुठाय?"

"हा हात. इथे त्या हसतायत."

"हसतायत?"

"हो. सगळे त्यांना मागे सरका म्हणत होते. त्या सरकल्या नाहीत. कुणाचं ऐकायच्या नाहीत त्या. आता त्या नाहीत."

मॅनेजरबाईंनी झेरॉक्स पुन्हा उभी धरली. शेजारच्या टेबलावरचा पंखा कागदांवरून फिरून गेला.

"तुम्हालाही हा चांगला वाटतो?" त्यांनी विचारलं.

"आधी नव्हता वाटत. आता वाटतो."

"मग माझी काही हरकत नाही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "असा फोटो ज्याला चांगला वाटतो, तो माणूस धंदा करत असणं शक्यच नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

दावा मंजूर झाल्याचं हेडक्लार्कांनी जाताजाता नानांना सांगितलं.

"होणारच," नाना म्हणाले. "खरं लिहिलं होतं ना."

हेडक्लार्कांनी त्यावर काही खुलासा केला नाही. कार्यालयात त्यांनी कोणतीही चूक दुरुस्त केल्याशिवाय फाइल पुढे जाऊ दिली नसती, पण ही फाइल नानांच्या दारात होती.

विम्याच्या पैशांतून नवा कॅमेरा आला. साधा, हलका, खिशात मावणारा. त्याचा विमा काढायचा का, असं हेडक्लार्कांनी विचारलंसुद्धा नाही, आणि त्यांनी ते विचारलं नाही याबद्दल बायकोनेही काही म्हटलं नाही. हा त्यांच्या संसारातला एक मोठा समंजस क्षण होता. हेडक्लार्क कॅमेरा घेऊन आले तेव्हा नाना फाटकाशी उभे होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"माझाही एक काढा तसा," ते म्हणाले. "पण सांगू नका. सांगितलंत की मीही तोंड मिटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क कार्यालयाला निघाले तेव्हा नाना दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, आणि नजर फाटकाकडे अशी लावलेली की जणू जगात कॅमेरा नावाची वस्तूच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. इस्त्रीचा शर्ट घातलाच आहे तर जरा चालून यावं, म्हणून ते कोपऱ्यापर्यंत जाऊ लागले. मग कोपऱ्यावर ओळखी निघाल्या. मग एक दिवस त्यांच्या खिडकीतून रेडिओ ऐकू आला. शर्ट रोज निराळा असे. हेडक्लार्क रोज खिशात हात घालून, त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करून, पुढे जात.

फोटो त्यांनी एका दुपारी काढला. लिफ्ट तळमजल्यावर थांबत नाही म्हणून नाना सेक्रेटरींना झापत होते. बोट वर, मान वाकडी, एक खांदा चौकटीबाहेर, आणि समोर हात जोडून उभे असलेले सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण आलेले.

बायकोने फोटो हातात घेऊन पाहिला आणि ती बराच वेळ हसली. मग तिने विचारलं, "हा टेबलाच्या खणात का ठेवलाय? त्यांना दाखवला नाहीत?"

"दाखवेन की," हेडक्लार्क म्हणाले. "आधी इस्त्रीची सवय पक्की होऊ दे."